भीमाशंकरच्या रानातली वसईची घंटा

भीमाशंकरचं देऊळ डोंगराच्या माथ्यावर नाही, माथ्याखालच्या खळग्यात आहे. त्यामुळे इतर देवस्थानांत चढून दर्शन घ्यायचं आणि उतरून घरी यायचं, तर इथे उलटं. मंचर, घोडेगाव, डिंभे असा सगळा घाट चढून एसटी वर आणून सोडते आणि मग माणूस दोनशेवर पायऱ्या उतरून देवाकडे जातो. दोन्ही बाजूंना हार, पेढे, करवंदाची सरबतं, पावसाळ्यात भाजलेली कणसं. दर्शनाची रांग, मोबाइल, लेकरांची रडारड. या गडबडीत एका गोष्टीकडे बहुतेकांची पाठ होते. देवळासमोर, शनीच्या छोट्या देवळाजवळ, दोन भक्कम दगडी खांबांच्या मध्ये एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्या अंगावर क्रॉस आहे.

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एका शिवस्थानाच्या दारात क्रॉस. गाइड एका वाक्यात सांगून मोकळा होतो: चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून आणली. वाक्य खरं आहे, पण फार लवकर संपतं.

घंटेची गोष्ट सुरू होते जमिनीतल्या खड्ड्यात. त्या काळी युरोपीय ओतारी घंटा ओतायचे ती अशी: आधी विटा-मातीचा पोकळ गाभा करायचा, त्यावर मातीचीच एक खोटी घंटा लिंपायची, हुबेहूब हव्या त्या जाडीची. त्या खोट्या घंटेवर मेणाची नक्षी, मेणाची अक्षरं, मेणाचा क्रॉस चिकटवायचा. मग सगळ्यावर मातीचं जाड कवच. आतून जाळ दिला की मेण वितळून जातं आणि कवचाच्या आतल्या अंगाला नक्षीचा उलटा ठसा राहतो. कवच अलगद उचलायचं, खोटी घंटा फोडून टाकायची, कवच परत बसवायचं आणि उरलेल्या पोकळीत कांसं ओतायचं. धातूच्या रेट्याने साचा फुटू नये म्हणून हे सगळं खड्ड्यात पुरून, भोवती माती धुमसून. भीमाशंकरच्या घंटेवरचा क्रॉस मागाहून ठोकलेला किंवा कोरलेला नाही, तो तिच्याबरोबरच जन्मला. आपल्याकडच्या मूर्तिकारांना मेण वितळवून ओतकाम करायची रीत काही नवी नव्हती. पण एवढा मोठा ऐवज, तोही आत लोलक लोंबणारा आणि मनोऱ्यावर टांगून गावभर ऐकू जाणारा, हे काम तिकडच्या ओताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घोटलेलं होतं.

घंटेचं कांसं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथील जास्त, म्हणून धातू कडक आणि आवाज लांबपर्यंत घुमणारा. पण त्याच कथलामुळे ठिसूळपणाही येतो. मोठी घंटा दगडावर आपटली तर पोचा पडत नाही, ती तडकते. आणि तडकलेली घंटा कायमची बसक्या आवाजाची. हे लक्षात ठेवलं की पुढच्या प्रवासातली जोखीम कळते.

चर्चमध्ये घंटा टांगण्याआधी तिचा संस्कार व्हायचा. बिशपने तिला पवित्र पाण्याने धुवायचं, तेल लावायचं, अनेकदा एखाद्या संताचं नावही द्यायचं. लोक सरळ त्याला घंटेचा बाप्तिस्मा म्हणत. अशा घंटेच्या नादाने वादळं पांगतात, भुतंखेतं पळतात असा समज होता. आपल्याकडे पूजेच्या सुरुवातीला घंटा वाजवताना काय म्हणतात? देवांनी यावं, राक्षसांनी जावं. धर्म दोन, पण घंटेकडून अपेक्षा मात्र एकच.

वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ साली, गुजरातच्या बहादुरशहाने दिली म्हणून. पुढची दोनशे वर्षं हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं होतं. किल्ल्याच्या तटाआत एक अख्खं शहरच वसलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांचे मठ आणि चर्च, आणि प्रत्येकाचा आपला मनोरा. त्या शहराचा दिवस घंटांनी बांधलेला होता. पहाटेची, दुपारची, संध्याकाळची, मयताची, सणाची, आगीची. याच राज्यात साष्टी-वसईतली देवळंही पाडली गेली, हेही विसरायचं कारण नाही. वसईच्या मोहिमेमागे जमीन आणि महसूल होता तसा हा सलही होता.

१७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. तिकडे मार्च महिन्यात नादिरशहाने दिल्लीत कत्तल मांडली होती आणि त्यांचे बंधू थोरले बाजीराव पेशवे उत्तरेच्या काळजीत होते. वसई लवकर पडायला हवी होती, पण पडत नव्हती. किल्ल्यातल्या पोर्तुगीजांची अवस्थाही वाईट होती. गोव्याहून पुरेशी मदत येईना, तेव्हा त्यांनी चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून पैसा उचलला. म्हणजे चर्चमधलं जे हलवण्याजोगं आणि मोलाचं होतं ते वेढ्यातच बाहेर गेलं होतं. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडाले, तट फुटला, मराठ्यांची माणसं हजारांनी पडली आणि १६ मे रोजी पोर्तुगीजांनी तहावर सह्या केल्या. सन्मानाने, आपल्या चीजवस्तूंसह बाहेर पडायला त्यांना आठवड्याभराची मुदत मिळाली. २३ मे रोजी ते होड्यांत बसून गेले. होडीतून बायकामुलं नेता येतात, पेट्या नेता येतात. मनोऱ्यावरच्या घंटा उतरवायच्या म्हणजे पहाड बांधा, दोरखंड लावा, कुशल माणसं आणा. घंटा राहिल्या.

आता विजेत्याने त्यांचं काय करावं? युरोपात याचं उत्तर ठरलेलं होतं. शहर पडलं की तिथल्या घंटांवर तोफखान्याच्या सरदाराचा हक्क. गावकऱ्यांनी पैसे मोजून त्या सोडवायच्या, नाहीतर त्या भट्टीत जायच्या. घंटा आणि तोफ एकाच धातूची, तोफेला कथील थोडं कमी लागतं इतकंच. मराठ्यांनाही तोफांची चणचण होती, आणि बऱ्या तोफा त्यांना बाहेरूनच मिळवाव्या लागत. हिशेबी माणसाने घंटा वितळवल्या असत्या.

तसं झालं नाही. घंटा देवांना वाटल्या गेल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेल्या रामेश्वराच्या देवळावर एक गेली. बांधणाऱ्याच्या नावामुळे ते देऊळ आजही नारोशंकराचं म्हणून ओळखलं जातं, आणि गोदेला पूर आला की पाणी घंटेला लागलं का, हा नाशिककरांचा पुराचा मापदंड. एक पालीच्या बल्लाळेश्वराला. एक वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर नाना फडणीसांच्या वाड्यापाशी. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आणि एक इथे, सह्याद्रीच्या धारेवर, भीमेच्या उगमापाशी.

या घंटांना सरसकट विजयचिन्ह म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला ते अर्धवट वाटतं. विजयचिन्ह लोकांनी बघावं म्हणून असतं. ते मिरवायचं असेल तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर टांगा, वकील येतील-जातील, बघतील आणि दबतील. वर्षातले चार महिने धुक्यात बुडालेल्या, जिथे तेव्हा परका माणूस सहसा फिरकत नसे अशा रानातल्या देवापुढे ती टांगण्यात मिरवणं कुठे येतं? ही रीत नवस फेडण्याची आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि जिंकल्यावर तिला किल्ल्यासारख्या दरवाज्याचं देऊळ बांधून दिलं. लढाईत देवांची मदत मागितली, तर लुटीतला वाटाही देवांना द्यायचा. शेतकरी नव्या पिकाची पहिली पेंढी देवापुढे ठेवतो तसं ते आहे. म्हणूनच क्रॉसवर कोणी कानस चालवली नाही. देवाला दिलेल्या वस्तूचं काय ते देव बघेल. याला आजच्या अर्थाने सहिष्णुता म्हणून गौरवण्याचीही गरज नाही. ज्यांच्या चर्चमधून त्या उतरवल्या त्यांना विचारून उतरवल्या नव्हत्या.

वसईहून भीमाशंकर म्हणजे खाडी, मग सपाटी, मग सह्याद्रीची भिंत. वाट कोणतीही धरली तरी घाट चुकत नाही. आजही खांडसहून शिडीच्या किंवा गणेश घाटाने चढून येणारा तरुण वर पोचेपर्यंत गुडघ्यांना हात लावतो. त्या चढावर ठिसूळ कांस्याचा हा ऐवज दगडाला न लावता कोणाच्या खांद्यांनी वर आला, याचा विचार क्रॉसपेक्षा मला जास्त वेळ खिळवून ठेवतो. कागदोपत्री नाव चिमाजी अप्पांचं. वजन दुसऱ्यांनी उचललं.

आणखी एक गंमत. देवळाकडे बघितलं तर शिखर पुरातन दिसतं आणि घंटा मधूनच घुसलेली, परकी. प्रत्यक्षात उलट आहे. गाभारा जुना आहेच, पण शिखर नाना फडणीसांनी बांधवून घेतलेलं, आणि नानांचा जन्मच १७४२ चा. म्हणजे वसई पडली तेव्हा शिखर बांधणारा माणूस जन्माला यायचा होता आणि घंटा मात्र ओतून, संस्कार होऊन, कित्येक वर्षं वाजून झाली होती. या आवारात जुनं काय आणि नवं काय, हे दिसण्यावरून ठरवण्यात अर्थ नाही.

खरं जुनं आहे ते रान. भीमाशंकरच्या आसपासच्या गावांत देवरायांची दाटी आहे. देवाच्या रानात कुऱ्हाड लावायची नाही, वाळलेली काडीही उचलायची नाही, हा महादेव कोळ्यांचा पाळलेला नेम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा या सह्याद्रीतल्या राया शास्त्रज्ञांच्या नजरेत आल्या. गावकऱ्यांना त्या ठाऊकच होत्या. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनीची दाट छाया, आणि बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या घरांचं आजही नगदी उत्पन्न. १९८५ साली सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, मुख्यतः शेकरूसाठी. तांबूस-तपकिरी पाठीची, झुपकेदार शेपटीची ही मोठी खार म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. इथल्या शेकरूच्या उपजातीला ईस्ट इंडिया कंपनीच्या साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ साली शास्त्रीय नाव दिलं, ते एलफिन्स्टनच्या नावावरून. एलफिन्स्टन म्हणजे पेशवाई बुडताना पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट. एकाच रानात पेशव्यांनी जिंकलेली घंटा आणि पेशव्यांना हरवणाऱ्याच्या नावाची खार.

घंटेच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल तिच्या टांगण्यात झाला, असं मला वाटतं. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते. तिला लाकडी जूवर बसवतात, खालून दोर ओढला की अख्खी घंटाच झोके घेते आणि लोलक काठावर आदळतो. वाजवणारा एक, ऐकणारं सगळं गाव, आणि ऐकणाऱ्याने घर सोडून चर्चकडे यायचं. देवळात ती जमिनीवर आली, हाताच्या टप्प्यात. झोका संपला, घंटा जागच्या जागी, लोलक तेवढा हातात धरायचा आणि टोला द्यायचा. इथे येणारा प्रत्येक जण स्वतः वाजवतो आणि कोणाला बोलवायला नाही, तर देवाला आपण आल्याचं सांगायला. तीच घंटा, पण हाक मारणारीची वर्दी देणारी झाली. मंडपाच्या आढ्याला ती पेलवली नसती, म्हणून बाहेर वेगळे खांब उभारावे लागले. मेणवलीलाही तिथल्या घंटेसाठी दगडी चौथरा आणि वेगळं छत आहे. आपल्या देवळांच्या बांधणीत अशा घंटेची जागाच नव्हती, ती या पाहुण्यांसाठी नव्याने करावी लागली.

घंटांचं नशीबच फिरतं असतं. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन मठ ओस पडल्यावर तिथली मोठी घंटा १८४१ साली आग्वादच्या दीपगृहावर गेली, तीस वर्षं तिने जहाजांना वाट दाखवली आणि १८७१ साली ती पणजीच्या चर्चवर चढली. पणजीच्या त्या पांढऱ्या जिन्यांचे फोटो काढणाऱ्यांना ती ऐकू येते, तिचा प्रवास मात्र क्वचितच कोणाला माहीत असतो. मठ, चर्च, किल्ले ढासळतात. घंटा उतरवून दुसरीकडे टांगता येते, त्यामुळे ती मागे उरते.

वसईच्या किल्ल्यातली ती चर्चं आज पडकी आहेत. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, कमानींवर वड-पिंपळ उगवलेत. किल्ल्याबाहेरच्या वसईत मात्र ख्रिस्ती समाज तिथेच राहिला, आपली सामवेदी, वाडवळी बोलत राहिला, मराठीत प्रार्थना करू लागला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तिथल्या चर्चना नंतर नव्या घंटा आल्या आणि रविवारी त्या वाजतात. भीमाशंकरला श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इतकी गर्दी होते की शनीच्या देवळाजवळ उभं राहायला जागा मिळत नाही. घंटा नीट बघायची असेल तर दिवाळीनंतरचा एखादा आडवार धरावा, सकाळी लवकर, आणि दर्शनाआधीच तिच्यापाशी थांबावं.