गांधीसागरच्या काठावरची चाती

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या एखाद्या घरात नातू ‘एम्प्रेसला जाऊन येतो’ म्हणाला, की त्याच्या डोळ्यांपुढे मॉल असतो आणि आजोबांच्या कानात गिरणीचा भोंगा. जागा एकच. ग्रेट नाग रोडनं शहरात शिरायचं आणि गांधीसागरच्या अंगाला वळायचं. गांधीसागर म्हणजे जुना जुम्मा तलाव. नंदनवनसारख्या ले-आउटच्या वस्त्या नागपूर सुधार प्रन्यासानंतरच्या, म्हणजे १९३६ नंतरच्या. एम्प्रेस मिल त्याच्याही साठ वर्षं आधीची. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशी तलावाकाठी गिरणी सुरू झाली. नाव तिथूनच आलं.

मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढणं तेव्हा वेडेपणाचं वाटत होतं. व्यापारी, पेढ्या, यंत्रं उतरवणारं बंदर, सगळं तिकडे. जमशेदजी टाटांनी हिशेब उलट्या टोकाकडून मांडला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गाडीत बसून मुंबईला जातो आणि कापड होऊन इकडेच विकायला येतो, तर हे दोन्हीकडचं भाडं कशाला? रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ उभी राहिली. जागा दलदलीची होती. ती भरून काढण्यापायी हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं म्हणून एका सावकारानं पैसे नाकारले आणि पुढे आपले शब्द गिळले, असं टाटा-चरित्रांत सांगतात. किस्सा गोड आहे, पण असे किस्से यश आल्यावरच सुचतात.

सुरुवात मात्र फजितीची झाली. सूत कातायच्या सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग बसवले खरे, पण यंत्रं घेताना पैसा वाचवला होता, आणि ते सुतात दिसायला लागलं. स्वस्तातला माल महाग पडला. व्यवस्थापक बेजनजी दादाभाई मेहता रेल्वेतून आलेले. त्यांना माणसं आणि मालाची ने-आण कळे, कापड नव्हे. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी सांभाळत. ही जोडी जमली.

खरी गोष्ट घडली ती १८८३ च्या सुमाराला. इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये तेव्हा म्यूल नावाच्या यंत्रावर सूत कातलं जाई. म्यूलचा गाडा पाचेक फूट बाहेर येतो, धाग्याला पीळ देतो, मग परत जाताना सूत गुंडाळतो. म्हणजे निम्मा वेळ कातणं, निम्मा वेळ गुंडाळणं. अमेरिकेत निघालेल्या रिंग चातीत तारेची एक बारीक चिमटी कड्यावरून गरगर फिरते आणि पीळ व गुंडाळणी एकदमच होते. टाटांनी दोन रिंग फ्रेम आणवून नागपुरात चालवून पाहिल्या. सूत किती निघतं, किती तुटतं, वेग किती पेलतो, हे आपल्याच कापसावर आणि आपल्याच कामगारांच्या हाती तपासलं. निकाल चांगला लागला, पण यंत्रं बनवणाऱ्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी उत्साह दाखवला नाही. तेव्हा ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे गेली.

लँकेशायरवाले मूर्ख होते असं नाही. त्यांच्याकडे म्यूलवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेले कसबी कामगार होते. शिवाय रिंगचं सूत जड लाकडी बॉबिनवर येतं, ते वाहून न्यायला महाग. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता, म्हणूनच १९१३ पर्यंतही ब्रिटनमधल्या चात्यांत म्यूलच बहुसंख्य राहिले. नागपुरात ते कसबी कामगारच नव्हते. तिथला हिशेब इथं लावून चालणार नव्हता, आणि हे कुणाच्या सल्ल्यानं नाही, चालवून कळलं.

माणसांच्या बाबतीतही हीच रीत. पेरणी-काढणीला, लग्नसराईला अर्धी पाळी गावी. दंड करून गैरहजेरी हटेना, तेव्हा हजेरीवर बक्षिसं सुरू झाली आणि बक्षीस-समारंभ थाटानं होऊ लागले. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा व्हायला देशाला १९२३ उजाडावं लागलं. यात दया किती आणि हिशेब किती, हा वाद घालण्यात अर्थ नाही. शिकवलेला कामगार टिकला तर चाती बंद राहत नाही, हे वहीत दिसत होतं.

वहीत जे कधी मांडलंच गेलं नाही, तेही सांगायला हवं. नागपूर-भंडाऱ्याकडचे कित्येक महार कारागीर जाडंभरडं कापड विणत. गिरण्यांच्या मालानं तो धंदा बसला. पण त्या काळच्या गिरण्यांत माग खात्याचं दार अस्पृश्यांना बंद. कारण मागावर आडवं सूत नेणारा धोटा. कांडी संपली की नवीन सुताचं टोक विणकर तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढी, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. मागावर मजुरी जास्त, म्हणजे विटाळाची किंमत पगारात मोजली जात होती. मुंबईत १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. नवी चाती तपासून पाहणाऱ्या मालकांपैकी कुणाला, दार उघडलं तर कापड किती वाढेल, हे तपासावंसं वाटलं नाही.

तपासून पाहण्याचा तोच खटाटोप सव्वाशे वर्षांनी पुन्हा कापडाच्याच धंद्यात झाला. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या काही गिरण्या निवडून निकोलस ब्लूम आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाच महिने फुकट सल्लागार दिले: सुताचे ढीग ओळीनं लावा, दोष रोज नोंदवा, मशीन बिघडण्याआधी बघा. पहिल्याच वर्षी उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. ज्या कामांना गिरणीमालक ‘आम्हाला माहीत आहे हो’ म्हणतात, तीच ही कामं. २०१३ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली.

एम्प्रेसला या निबंधाचा उपयोग होण्याची वेळ केव्हाच टळली होती. १९८६ मध्ये टाटांनी हात काढून घेतला, राज्य सरकारनं गिरणी चालवायला घेतली, आणि २००२ मध्ये ती बंद झाली. तोवर कापडाचा बाजार इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांकडे कधीच गेला होता. आता तिथं सरकता जिना आहे, आणि नंदनवनातला नातू रविवारी त्याच जिन्यानं सिनेमाला जातो.