शिवडीची बाग, मोगली एरंड आणि आपली घाई

शिवडी म्हटलं की आता लोकांना फ्लेमिंगो आठवतात, किल्ला आठवतो, नाहीतर अटल सेतू. जुन्या लोकांना तेलाच्या टाक्या आणि कापसाची गोदामं. पण त्याच्याही आधी इथे एक बाग होती, आणि आज सरकार ज्या 'झाडावरच्या डिझेल'बद्दल पुन्हा बोलतंय, त्याचा धडा त्या बागेत आहे.

१८३० मध्ये मुंबईत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. तिची बाग शिवडीला होती. अशा बागांचं काम साधं होतं. परमुलखातली झाडं आणायची, इथल्या मातीत आणि पावसात टिकतात का, फळतात का ते बघायचं, आणि मगच बी पुढे वाटायचं. पुढे १८६२ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, उघडली. जॉर्ज बर्डवूड हे त्यामागचं मोठं नाव. १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीची जागा दफनभूमीसाठी घेतली. आज तिथे ख्रिश्चन स्मशानभूमी आहे.

बाग गेली, पण शिवडीचं बियांशी नातं तुटलं नाही. १९३२ मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला, दोनच वर्षांत शेजारी साबणाचा. परळ-लालबागच्या गिरण्यांना सरकी काढलेला कापूस आणि शिवडीच्या कारखान्याला बियांचं तेल, असा हा सगळा पट्टाच बियांवर जगला.

आता मोगली एरंडाकडे येऊ. काही ठिकाणी त्याला चंद्रज्योत म्हणतात, सरकारी कागदात जट्रोफा. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. पोर्तुगीज दर्यावर्दींनी ते केप व्हर्डे बेटांमार्गे आफ्रिकेत आणि आशियात पसरवलं, असं मानलं जातं. आपल्याकडे ते कुंपणाला लावलं गेलं, कारण विषारी असल्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत. फांदी तोडून खोचली की रुजते. बस, एवढंच त्याचं काम.

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने या कुंपणाच्या झाडावर देशाचं इंधन उभं करायचं ठरवलं. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण, आणि त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टर लागवड. हिशेब होता हेक्टरी २,५०० झाडं आणि पावणेचार टन बी. कागदावर पडीक जमीन हिरवी झाली, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला.

प्रत्यक्षात? बऱ्याच ठिकाणी हेक्टरी एक टन बी निघणंही मुश्कील झालं. २० टक्क्यांचं ते वर्ष आलं आणि गेलं. गंमत अशी की इशारा आपल्या घरातच होता. नाशिककडच्या वनशेतीवाल्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकातच हे झाड लावून पाहिलं होतं. अपेक्षेइतकं बी आलं नाही, अनेकांनी झाडं काढून टाकली.

झाड चुकलं का? नाही. पडीक जमिनीत ते जगतं हे खरंच आहे, पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. खरी मेख बियाण्यात होती. मूठभर बियांपासून आणि खोचलेल्या फांद्यांपासून वाढलेला हा सगळा गोतावळा. भारतातल्या वाणांची जनुकं तपासली तेव्हा राज्याराज्यांतली झाडं एकमेकांची जवळची भावंडं निघाली. खरी विविधता राहिली मेक्सिकोत, जिथे बिनविषारी वाणसुद्धा आहेत. आता निवड करायची तर वेगवेगळे नमुने लागतात. सगळेच सारखे असतील तर जास्त बी देणारं झाड निवडणार कशातून? त्यात एका मादी फुलामागे वीसेक नर फुलं, आणि फळं एकदम पिकत नाहीत, म्हणजे तोडणीची मजुरी पुन्हा पुन्हा.

याउलट आपला करंज. इथलाच, खाडीकाठी आणि मुंबईच्या रस्त्यांवरही दिसणारा. त्याच्या तेलावर दिवे जळले, साबण झाले. त्यात विविधता भरपूर. एक झाड शेंगांनी लगडलेलं, शेजारचं जवळजवळ रिकामं. म्हणजे निवडीला वाव आहे. पण नुसतं बी टाकून भागत नाही. चांगलं झाड हेरून त्याची कलमं करावी लागतात, आणि बियांपासून लावलं तर फळाला पाच-सात वर्षं जातात. पाच वर्षांच्या सरकारला तेवढा धीर कुठला!

२०१८ च्या धोरणात डिझेलमध्ये २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे. वापरलेलं खाद्यतेल गोळा करण्याची योजनाही त्याच वर्षी आली. वडापावच्या गाडीवरचं काळं तेल पुन्हा कढईत जाण्यापेक्षा टाकीत गेलेलं केव्हाही बरं. पण उद्या पुन्हा कुठलं 'चमत्कारी' झाड घेऊन कोणी गावात आलं, तर दोनच प्रश्न विचारा. हे बी कुठल्या झाडाचं? आणि आमच्या मातीत ते किती वर्षं, किती फळलं?

शिवडीच्या बागेत दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न आधी विचारायचे. आपण लाखो हेक्टर ठरवले आणि तो नंतर विचारला. किंमत मोजली ती कोरडवाहू शेतकऱ्यानं.

तुमच्या गावी कोणी मोगली एरंड लावला होता का? पुढे काय झालं, कमेंटमध्ये जरूर लिहा.