आइसलँडमधील व्यापारी बँकिंगचा विकास (१८८६ ते २००८) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
कोणत्याही देशाच्या आर्थिक जडणघडणीत बँकांचे स्थान अनन्यसाधारण असते. लहान देशात मात्र बँकेचे आकारमान आणि तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शासनाची कुवत यांचा मेळ हा कळीचा मुद्दा ठरतो. आइसलँडमध्ये हा मेळ १९३० व २००८ मध्ये बिघडला. या दोन घटनांच्या अनुषंगाने तेथील व्यापारी बँकिंगच्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

प्रारंभ आणि पहिले संकट :
एकोणिसाव्या शतकात आइसलँड डेन्मार्कच्या अधिपत्याखाली होते. रोख पैसा दुर्मिळ असल्याने शेतकरी व मच्छीमारांचे बरेचसे व्यवहार व्यापाऱ्याच्या खातेवहीतच होत. या पार्श्वभूमीवर १८८६ मध्ये लांड्सबांकी ही सरकारी बँक सुरू झाली. परंतु तिचे भांडवल तुटपुंजे होते. १९०४ मध्ये डॅनिश व नॉर्वेजियन भांडवलावर ईसलांड्सबांकी ही खासगी बँक स्थापन झाली व तिला नोटा काढण्याचा अधिकार मिळाला. शिडाच्या होड्यांची जागा यांत्रिक नौकांनी घेतली, त्यास या बँकेच्या कर्जाचा मोठा हातभार लागला. मात्र कर्जे एकाच व्यवसायात गुंतल्याने पहिल्या महायुद्धानंतर मासळीचे भाव कोसळताच बँक अडचणीत आली आणि १९३० मध्ये बंद पडली. तिचा कारभार शासनाच्या आधाराने उभारलेल्या उटवेग्सबांकीकडे गेला. शेतीसाठीची बुनाडरबांकीही याच काळात सुरू झाली.

सरकारी बँकांचा कालखंड :
यानंतर अनेक दशके बँकिंगवर शासनाचे वर्चस्व राहिले. बँकांच्या व्यवस्थापनावर राजकीय पक्षांचा प्रभाव होता. १९६१ मध्ये लांड्सबांकीपासून स्वतंत्र अशी मध्यवर्ती बँक निर्माण झाली. १९७० च्या दशकात महागाईचा दर व्याजदराहून अधिक राहिला. परिणामी कर्ज मिळणे हाच एक लाभ ठरला आणि बचत करणाऱ्याची पुंजी झिजत गेली. अखेर १९७९ च्या कायद्याने ठेवी व कर्जे महागाईच्या निर्देशांकाशी जोडण्यास वाव दिला.

खासगीकरण आणि कोसळणे :
१९९४ मध्ये आइसलँड युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील झाले व तेथील बँकांना युरोपभर व्यवसायाची मुभा मिळाली. २००३ पर्यंत लांड्सबांकी व बुनाडरबांकी खासगी हाती गेल्या. बुनाडरबांकी त्याच वर्षी काउपथिंगमध्ये विलीन झाली. या दोन बँका व ग्लिटनिर यांनी परदेशी कर्जाच्या बळावर झपाट्याने विस्तार केला. लांड्सबांकीने 'आइससेव्ह' खात्यांद्वारे २००६ पासून ब्रिटनमध्ये व २००८ पासून नेदरलँड्समध्ये ठेवी गोळा केल्या. २००७ अखेर तिन्ही बँकांची एकत्रित मालमत्ता राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे नऊ पट झाली होती. संकट आल्यास एवढ्या मोठ्या परकीय चलनाची तरतूद करणे मध्यवर्ती बँकेला अशक्य होते. ऑक्टोबर २००८ मध्ये अवघ्या काही दिवसांत तिन्ही बँका कोसळल्या. ६ ऑक्टोबरच्या आणीबाणीच्या कायद्याने ठेवीदारांच्या दाव्यांना इतर धनकोंपेक्षा अग्रक्रम दिला व देशांतर्गत ठेवी नव्या बँकांकडे वर्ग झाल्या. आइससेव्हच्या परतफेडीचे करार जनतेने २०१० व २०११ च्या सार्वमतांत फेटाळले. २०१३ मध्ये एफ्टा न्यायालयाचा निकालही आइसलँडच्या बाजूने लागला. नोव्हेंबर २००८ मध्ये लादलेली भांडवली नियंत्रणे मात्र बव्हंशी २०१७ पर्यंत कायम राहिली.

समारोप :
१९३० मध्ये बुडालेल्या बँकेचा भार शासनाला पेलता आला. २००८ मध्ये तो पेलण्यापलीकडे गेला होता, म्हणून कोणाला वाचवायचे याची निवड करावी लागली. केवळ मालकी बदलून हा प्रश्न सुटत नाही, हेही या इतिहासातून स्पष्ट होते. सरकारी बँकांच्या काळात बचतदाराचे नुकसान महागाईच्या आड हळूहळू झाले, तर खासगी बँकांच्या काळात संकटाचा भार एकदम साऱ्या समाजावर पडला. बँकांच्या वाढीला देशाच्या कुवतीची मर्यादा घालणे हे लहान राष्ट्राच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.