किरणांचा डॉक्टर कसा निवडायचा? रेडियमपासून आजपर्यंतची हकिगत

कॅन्सरवरच्या एका उपचाराला आपल्या भागात कुणी ‘लाइट देणं’ म्हणतं, कुणी ‘शेक’, तर कुणी ‘करंट’. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात. घरात कॅन्सर निघाला की केंदूर असो की पाबळ, पहिला प्रश्न एकच असतो : न्यायचं कुठं? पाव्हणे एक नाव सांगतात, शेजारी दुसरं. आपल्या आज्यांना हा प्रश्न पडतच नव्हता, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो आणि मग निवडीचं बोलतो.

१८९५ मध्ये जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. १८९८ मध्ये मेरी क्यूरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या मार्गारेट क्लीव्ह्ज या बाई डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर आतून रेडियम ठेवून उपचार केले. बाईच्या आजारावर बाईनं शोधलेलं औषध, आणि ते वापरणारीही बाईच! आज रेडियम मागे पडलं. पण आतून किरण देण्याची रीत कायम आहे. तिला ब्रॅकीथेरपी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या राज्यात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांच्या नावच्या ट्रस्टनं हे रुग्णालय उभारलं. १९६२ मध्ये ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे गेलं. गावोगावचे पेशंट तिथं जाऊ लागले, पण राहायचं कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं कितीतरी कुटुंबांना आसरा दिला. तरी घर, गुरं, लेकरं सोडून महिना-दीड महिना मुंबईत राहणं किती बायांना जमणार?

या प्रश्नाला बार्शीनं उत्तर शोधलं. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त यांच्या नावानं कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंद तिथं होऊ लागली. खेड्यांसाठीची अशी नोंद देशात पहिलीच. कार्यकर्ते गावोगाव जाऊन अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं याविषयी बोलत. त्यामुळे बाया आजाराच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे तिथल्या नोंदींवरून दिसलं.

या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट पक्की धरली आहे. मोठ्या नावापेक्षा उपचार पुरा होणं मोठं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर घ्या. बाहेरून शेक साधारण २५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे ५ आठवडे. त्यानंतर किंवा त्याच सुमारास आतून काही वेळा. हे सगळं ८ आठवड्यांत संपावं लागतं. मध्ये खंड पडला तर गाठीतल्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. दहा शेक घेऊन पेरणीसाठी घरी परतलेल्या बाईचे ते दहा शेकही वाया जाऊ शकतात.

म्हणून डॉक्टरांना पुढच्या गोष्टी विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

पहिली, डॉक्टर कोण? फोटो काढून आजार ओळखणारा तो रेडिओलॉजिस्ट. किरणांनी उपचार करणारा तो रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट. पूर्वी ही दोन्ही कामं एकच डॉक्टर करायचा, आता शिक्षण वेगळं आहे. पाटीवर रेडिएशन ऑन्कोलॉजी किंवा रेडिओथेरपीतली एमडी किंवा डीएनबी पाहा.

दुसरी, आतून द्यायची सोय इथंच आहे का? नसेल तर कुठं पाठवणार आणि तारीख कोण ठरवणार, हे पहिल्याच दिवशी विचारा.

तिसरी, मशीन कोणतं? कोबाल्टचं मशीन वाईट नसतं. पण त्यातल्या कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, मग प्रत्येक शेकाला वेळ जास्त लागतो. म्हणून कोबाल्ट कधी बदलला ते विचारा. मशीन कुठलंही असो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि किरणांचं माप तपासणारा फिजिसिस्ट हवाच.

चौथी, शेकासोबत केमो देणार का? टाटामध्ये ८५० बायांवर अभ्यास झाला. त्यांचा आजार बराच पुढे गेलेला होता. नुसता शेक घेतलेल्या १०० पैकी सुमारे ४४ जणी ५ वर्षांनी आजाराविना होत्या. सोबत दर आठवड्याला केमो घेतलेल्या १०० मध्ये सुमारे ५२. किडनी अशक्त असेल तर डॉक्टर केमो टाळतात, पण कारण समजून घ्या.

पाचवी, सर्जन, केमोचे डॉक्टर आणि किरणांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का?

आता पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली. रुग्णालय योजनेत आहे का, आणि रेडिएशनसाठी आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तुकडा तपासणीचा रिपोर्ट, म्हणजे बायोप्सी, सोबत न्या. एसटी आणि रेल्वेत कर्करुग्णांना सवलत मिळते, त्याचा दाखला रुग्णालयातून घ्या.

केंदूरहून शिक्रापूरमार्गे पुण्याला रोज जाऊन-येऊन शेक घेता येतो, पण २५ दिवस अंग दमतं. बचत गटानं पाळ्या लावाव्यात : सोमवारी सोबत कोण जाणार, मंगळवारी कोण, तिच्या घरी दूध कोण काढणार, पोरांचे डबे कोण करणार. हे पहिल्या शेकाच्या आधीच वहीत लिहून काढा.