इंटरनेटचें सदावर्त

धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. परंतु दानाबरोबर घेणाराच्या घराची किल्लीहि दात्याच्या हातीं जात असेल, तर दांत मोजणें हेंच शहाणपण ठरतें. सन २०१५-१६ मध्यें भारतांत मोफत इंटरनेटविषयीं जो मोठा वाद माजला, त्याचें मर्म येथेंच आहे.

फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनीं ऑगस्ट २०१३ मध्यें कांहीं कंपन्यांच्या साह्यानें ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ हा उपक्रम जाहीर केला. इंटरनेटला मुकलेल्या कोट्यवधि लोकांना तें मिळवून द्यावें, हा त्याचा उद्देश सांगण्यांत आला. जुलै २०१४ मध्यें आफ्रिकेंतील झांबिया देशांत त्याचें ॲप प्रथम खुलें झालें. फेब्रुवारी २०१५ मध्यें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या द्वारें ही योजना भारतांत आली. ज्या प्रांतांत ती प्रथम सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता, आणि तिच्या भाषांत मराठीहि होती. ग्राहकाला डेटाचे पैसे पडत नसत. मात्र बातम्या, हवामान, आरोग्य, नोकऱ्या आणि अर्थातच फेसबुक, अशीं निवडक स्थळेंच त्याला फुकट उघडतां येत. त्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकलें कीं मोल द्यावें लागे.

ही निवड कोणी करावयाची, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. मार्च २०१५ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें इंटरनेटच्या नियमनाविषयीं लोकमत मागवितांच, इंटरनेट निःपक्षपाती असावें असें सांगणारीं दहा लाखांवर ईपत्रें आलीं. क्लिअरट्रिपसारख्या कंपन्या योजनेंतून बाहेर पडल्या. सप्टेंबरमध्यें योजनेनें ‘फ्री बेसिक्स’ असें नांव घेतलें आणि अटी पाळणाऱ्या सर्वांना दार खुलें असल्याचें जाहीर केलें. पण अटी ठरविणारी फेसबुकच, आणि येजा तिच्याच यंत्रांतून. डिसेंबरमध्यें प्राधिकरणानें पुन्हां मतें मागविलीं, तेव्हां फेसबुकनें पानपानभर जाहिराती दिल्या.

योजनेच्या कैवाऱ्यांचा एक मुद्दा मात्र सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. विरोध करणारे बहुतेक सारे आधींच इंटरनेट वापरणारे. भरल्या पोटीं त्यांनीं उपाशाच्या पानांतील अर्धी भाकर कां काढून घ्यावी? आपल्या इतिहासांतील एक दाखला येथें उपयोगीं पडेल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१० मध्यें बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गांवोगांवीं मोफत वाचनालयांची परंपरा घातली. तेथील कपाटांतहि निवडकच पुस्तकें मावत. फरक इतकाच, कीं तें वाचनालय पुस्तकें विकणाऱ्या कोण्या एका प्रकाशकाच्या मालकीचें नव्हतें. मर्यादा जागेची असली तर ती सोसतां येते. दात्याच्या व्यापाराची असली म्हणजे वाचक हाच माल बनतो.

प्राधिकरणानें ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं, स्थळ पाहून डेटाचा वेगवेगळा दर लावण्यास मनाई केली. आणीबाणीच्या प्रसंगापुरती सवलत ठेवून, नियम मोडणाऱ्यास दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. लागलीच फ्री बेसिक्सनें भारतांतून आपला गाशा गुंडाळला.

म्यानमारमध्यें ही योजना २०१६ मध्यें गेली. तेथील बहुतेकांच्या लेखीं फेसबुक म्हणजेच इंटरनेट होऊन बसलें आहे, आणि द्वेष पसरविणारांना तें साधन झालें आहे, असें संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन मंडळानें २०१८ मध्यें नमूद केलें. याचा सारा दोष एका योजनेवर टाकणें न्याय्य होणार नाहीं. पण एकच दार असलेल्या घराला आग लागली म्हणजे काय होतें, तें त्यांतून दिसलें.

तथापि विजेत्यांनीं फुशारकी मारण्याचें कारण नाहीं. मनाईच्या हुकुमानें एकाहि खेड्यांत तार पोंचली नाहीं. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ ही कंपनी बाजारांत उतरली, तिनें कांहीं महिने डेटा फुकट दिला, पुढें दरांची घसरगुंडी झाली, आणि मग अवघें इंटरनेट खेडुताच्या हातांत आलें. हेंहि व्यापारासाठींच होतें. पण काय वाचावें हें ठरविणें वाचकाकडे राहिलें. अर्धी भाकर नाकारणारांच्या शिरावर सबंध भाकरीचें देणें होतें. तें बाजारानें फेडलें, हें त्यांचें सुदैव. आणि बाजारानें दिलेलें बाजार परतहि घेऊं शकतो. म्हणून गांवच्या शाळेंत व वाचनालयांत सार्वजनिक खर्चानें, कोणतेंहि दार न लावलेलें इंटरनेट पोंचविणें, हें त्या वादाचें उरलेलें काम आहे.