जीवाणुभक्षी उपचार

जीवाणूंचा नाश करणाऱ्या विषाणूंनी (फाज) जीवाणुजन्य संसर्गावर करावयाचा उपचार. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये व फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये हे विषाणू स्वतंत्रपणे ओळखले. देरेल यांनी १९१९ मध्ये पॅरिस येथे ते आमांशाच्या रुग्णांना दिले आणि १९२७ मध्ये भारतात पटकीवर वापरले. प्रतिजैविके आल्यावर (→ पेनिसिलीन) पश्चिमेत ही पद्धत मागे पडली. जॉर्जियातील त्बिलिसीच्या एलियावा संस्थेत ती टिकून राहिली.

फाज जीवाणूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो व संख्यावाढ करून पेशी फोडतो. ही क्रिया प्रतिजैविकांहून वेगळी असल्याने औषधरोधी जीवाणूही (→ प्रतिजैविक-रोध) तिला बळी पडू शकतात. जीवाणू फाजालाही रोध करतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून अनेक फाजांचे मिश्रण किंवा जोडीला प्रतिजैविक देतात. लक्ष्य मर्यादित असल्याने उपकारक जीवाणू बहुधा वाचतात, पण रुग्णातील जीवाणूशी जुळणारा फाज शोधावा लागतो.

२०१६ मध्ये सॅन डिएगो येथे बहुऔषधरोधी ॲसिनेटोबॅक्टर संसर्गाचा रुग्ण शिरेतून फाज दिल्यावर बरा झाला. एकेका रुग्णाचे यश मात्र पुरेसा पुरावा नव्हे. भाजलेल्या रुग्णांवरील ‘फाजोबर्न’ चाचणीत फाजमिश्रण प्रमाणित मलमापेक्षा मंद ठरले; तथापि त्यातील फाजांची संख्या साठवणीत पुष्कळ घटली होती. त्यामुळे तो निष्कर्ष तत्त्वापेक्षा मात्रेविषयी व उत्पादनाच्या गुणवत्तेविषयी अधिक सांगतो. उपलब्ध पुराव्यानुसार फाज हे प्रतिजैविकांना पर्याय नसून पूरक ठरतात.