दाखल-खारीज वही आणि विद्यार्थ्याची खासगी नोंद : मानोरा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

विद्यार्थ्याचे नाव पटावर चढविणे ही वरवर पाहता केवळ कारकुनी क्रिया होय. तिचा इतिहास लिहावा असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि ज्या समाजास जमिनीचा सातबारा नव्हता, ज्याच्या वस्त्या स्थिर नव्हत्या आणि ज्याच्या जन्ममृत्यूची नोंद नियमाने होत नव्हती, त्या समाजाच्या बाबतीत शाळेच्या वहीतील एक ओळ हा पुष्कळदा कुटुंबाचा पहिलाच लिखित पुरावा ठरतो. म्हणूनच ही ओळ कोणाच्या मालकीची, ती कोणी पाहावी आणि कोणत्या कारणासाठी वापरावी, हे प्रश्न अशा समाजाच्या दृष्टीने केवळ कार्यालयीन राहत नाहीत.

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुका ह्या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. ह्या तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांचे स्थान असून बंजारा समाज त्यास आपली काशी मानतो. भोवतालच्या मुलखात तांड्यांची वस्ती दाट आहे. प्रशासनाच्या दृष्टीने हा मुलूख अनेकदा हातपालट झालेला आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १९०३ नंतर ते मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. १९०५ साली जुना वाशिम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ ह्या जिल्ह्यांत वाटण्यात आले. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. राज्ये व जिल्हे बदलले, दप्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली. परंतु गावच्या शाळेतील वही बहुधा शाळेतच राहिली. तिच्या पुराव्याचे बळ काही अंशी ह्या स्थैर्यातच आहे.

विदर्भात ह्या वहीस ‘दाखल-खारीज’ असे म्हणतात. मुलगा शाळेत दाखल केव्हा झाला आणि पटावरून खारीज केव्हा झाला, एवढे सांगणे हा तिचा मूळ हेतू. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी अनुदानाचे तत्त्व मान्य केले. अनुदान द्यावयाचे तर पटावरील संख्या तपासता आली पाहिजे, आणि संख्या तपासावयाची तर प्रत्येक नावास क्रमांक, बापाचे नाव, जात, जन्मतारीख व मागील शाळा अशी रकान्यांची जोड हवी. म्हणजे हे रकाने प्रथम शाळेच्या हिशेबासाठी निर्माण झाले. विद्यार्थ्याची ओळख सिद्ध करण्यासाठी नव्हे. जन्मतारीख तर अनेक ठिकाणी गुरुजींच्या अंदाजाने पडत असे.

ह्याच काळात सरकार दुसऱ्याही प्रकारच्या नोंदवह्या ठेवीत होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या सर्व व्यक्तींची नावे नोंदविण्याचा अधिकार सरकारास दिला, आणि १९११ व १९२४ च्या कायद्यांनी ती पद्धती पुढे चालविली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द त्या मुक्ततेचीच खूण आहे, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाजाचा अंतर्भाव आहे. ज्या वर्गास सरकारी वहीत नाव असणे म्हणजे पाळत असणे असा अनुभव आला, त्याच वर्गास पुढे सरकारी वहीत नाव नसणे म्हणजे हक्कास मुकणे असा उलटा अनुभव आला. नोंदीविषयीची ही दुहेरी भीती ध्यानात घेतल्यावाचून ह्या भागातील गोपनीयतेचा प्रश्न नीट समजणार नाही.

शाळेची वही हिशेबाच्या कक्षेतून पुराव्याच्या कक्षेत कशी आली, हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाव्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख प्रमाण मानली जाते; तत्पूर्वीचा पुरावा किंवा त्या काळातील वास्तव्य दाखवावे लागते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील प्रवेशाच्याच एका प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धती घालून दिली आणि संविधानपूर्व काळातील शालेय नोंदींचे पुराव्यादाखल मोठे मूल्य मान्य केले. पुढे जात प्रमाणपत्राच्या पडताळणीचा राज्याचा स्वतंत्र कायदा होऊन तो ऑक्टोबर २००१ मध्ये अमलात आला. तेव्हापासून व्यावसायिक शिक्षणक्रमास राखीव जागेवर प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतःच्या दाखल्याबरोबर वडिलांचा, चुलत्याचा, आजोबांचा दाखलाही मिळवावा लागतो. एका विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी तीन पिढ्यांची वही उघडली जाते.

वही उघडल्यावर पहिली अडचण शब्दांची येते. चव्हाण, पवार, जाधव ही आडनावे मराठा कुटुंबांत आहेत आणि बंजारा कुटुंबांतही आहेत. तेव्हा आडनावावरून निर्णय होत नाही, सर्व भार जातीच्या रकान्यावर पडतो. त्या रकान्यात कोठे बंजारा, कोठे लमाण, कोठे लभाण, तर कोठे वंजारी असे लिहिलेले आढळते. पहिले तीन शब्द एकाच समाजाचे वाचक म्हणून शासनाच्या यादीत आहेत. वंजारी ही मात्र महाराष्ट्राच्या यादीत निराळी जात असून तिचा समावेश भटक्या जमाती (ड) ह्या गटात होतो. विमुक्त जाती (अ) साठी ३ टक्के आणि भटक्या जमाती (ड) साठी २ टक्के अशी आरक्षणाचीही वेगळी वाटणी आहे. लिहिणाऱ्याने सहज वापरलेला शब्द अशा रीतीने दोन पिढ्यांनंतर नातवाच्या प्रवेशास आडवा येऊ शकतो. ही वही माध्यमिक शाळा संहितेनुसार कायम जतन करावयाची असते आणि तीत मनास येईल तसा बदल करता येत नाही. उघड चूक असल्यास शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्याही नोंदीची दुरुस्ती होऊ शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ साली स्पष्ट केले. स्वतःविषयीच्या नोंदीवर विद्यार्थ्याचा काही अधिकार आहे, ही कल्पना दुरुस्तीच्या ह्या वाटेने आपल्याकडे प्रथम रुजत गेली.

नोंद दुसऱ्यापासून राखण्याचा अधिकार मात्र उशिरा आला. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने स्वतःची शैक्षणिक नोंद पाहण्याचा, ती दुरुस्त करून मागण्याचा आणि संमतीवाचून ती इतरांस दिली जाऊ न देण्याचा, असे तिन्ही अधिकार एकत्र दिले. भारतात ते विखुरलेले आले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तिसऱ्या व्यक्तीच्या माहितीस काही संरक्षण दिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीस स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरविला. आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. ह्या कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. परंतु अनुदान, लाभ, सेवा किंवा प्रमाणपत्र देण्याच्या कामी शासनास संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मोकळीक त्याच कायद्यात आहे. ज्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती नको व जातीचे प्रमाणपत्रही नको, त्यास संमतीचे कवच अधिक मिळते. तांड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्याचा शासनाशी येणारा बहुतेक संबंध मात्र ह्या सवलतीच्या कक्षेत मोडतो. ज्यास संरक्षणाची गरज अधिक, त्याच्या वाट्यास ते कमी यावे, ही ह्या रचनेतील मोठी उणीव होय.

व्यवहारात ही उणीव अधिक जाणवते. प्रवेशाची यादी फलकावर लावताना नावापुढे प्रवर्ग लिहिण्याची प्रथा महाविद्यालयांत दीर्घकाळ चालत आली. तिचा हेतू पारदर्शकतेचा होता आणि तो रास्तही होता; कारण यादी उघड नसती तर राखीव जागा कोणास मिळाली हे कळले नसते. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात राज्यभरातील जुनी शालेय व महसुली दप्तरे तपासली गेली, तेव्हा सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्हा प्रशासनांनी संगणकीय जाळ्यावर सर्वांसाठी खुल्या केल्या. असंख्य कुटुंबांस त्यामुळे घरबसल्या पुरावा मिळाला. परंतु एकेका शाळेत कुलपाखाली असलेले पान त्याच वेळी कोणासही पाहता येण्याजोगे झाले. आता प्रवेश, शिष्यवृत्ती व श्रेयांक ही सर्व नोंदणी संगणकावर होते, आणि विद्यार्थ्याच्या सर्व नोंदी आयुष्यभर एकाच क्रमांकाखाली आणण्याची योजना सुरू झालेली आहे. दाखल-खारीज वहीत ‘खारीज’ हा एक रकाना तरी होता. नव्या नोंदीस तसा शेवट दिसत नाही.

ह्या इतिहासावरून एक गोष्ट निष्पन्न होते. वहीचा हेतू हिशेबापासून पुराव्यापर्यंत आणि पुराव्यापासून अखंड माहितीपर्यंत विस्तारत गेला, आणि ह्या प्रत्येक वळणावर ज्याचे नाव वहीत होते त्यास कोणी विचारले नाही. तरीसुद्धा वही मिटून ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. मानोऱ्याच्या तांड्यावरील विद्यार्थिनीस आजोबांची नोंद लपवावयाची नसून ती योग्य अधिकाऱ्यापुढे ठेवावयाची असते; तीच नोंद वर्गातील फलकावर वा अनोळखी माणसाच्या हाती जाऊ नये, एवढीच तिची अपेक्षा असते. तेव्हा विद्यार्थी-नोंदीची गोपनीयता ही गुप्ततेच्या नव्हे, तर हेतूच्या मर्यादेच्या कसोटीवर तपासली पाहिजे. नोंद कोणत्या कामासाठी घेतली, त्या कामाबाहेर ती कोणी व कोणाच्या आज्ञेने वापरली, ह्याचीही एक वही विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी ठेवावी आणि ती विद्यार्थ्यास पाहू द्यावी. गेल्या दीड शतकात विद्यार्थ्याविषयी सर्व काही लिहिले गेले. ते कोणी वाचले हे मात्र कोठेच लिहिले गेले नाही.